ऑपरेशन होत नाही म्हणाले, मग गोळ्यांवर भागेल का?



"यांचे ऑपरेशन करता येणार नाही," असे डॉक्टर म्हणाले की घरातली माणसे त्याचा एकच अर्थ घेतात, की आता काही उपाय उरला नाही. केसपेपरची घडी होऊन तो गादीखाली जातो. आपण अंगारे-धुपारे सोडले, ते बरेच झाले. पण पिशवी घेऊन दारोदार फिरणारा जडीबुटीवाला अजून आपल्या उंबऱ्यावरून गेलेला नाही. तो येतो, शंभर-दोनशे रुपये घेऊन जातो, आणि बाई पुन्हा धुण्याभांड्याला लागते.

पवनानगर आणि काले भागातल्या एका घरात नेमके हेच झाले. बाई पंचेचाळिशीच्या. गळ्याला गाठ, छाती सारखी धडधडणारी, वजन उतरलेले. मोठ्या दवाखान्यात सांगितले, की हृदयाचे ठोके फार अनियमित आहेत, या अवस्थेत भूल देणे धोक्याचे आहे, गोळ्या सुरू करू. घरच्यांनी ऐकले फक्त "ऑपरेशन होणार नाही" एवढेच. गोळ्या महिनाभर चालल्या आणि थांबल्या. आता त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले आहे, "गोळ्यांनी हा आजार खरोखर हटतो का, की आमची समजूत घातली?"

समजूत घातली नाही. शरीरातल्या ग्रंथींचे काही आजार असे आहेत, की तिथे गोळी हाच खरा इलाज असतो, आणि चाकू तिच्या मागून येतो. मात्र गोळी घेण्याचेही एक शास्त्र आहे. ते कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून आज थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्या रक्तात जो रस सोडतात त्याला हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. गळ्यातली थायरॉईड, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल, पोटातले स्वादुपिंड. रस कमी पडला तर तो बाहेरून द्यावा लागतो. मधुमेहातले इन्सुलिन म्हणजे तेच. बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांना इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागत, आणि १९४८ साली त्यांच्याशी विवाह केलेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, हे आपल्या घरोघर माहीत आहे. देशाच्या घटनेचे काम त्यांनी हे दुखणे अंगावर असतानाच केले. या आजारात कापून काढण्यासारखे काही नव्हतेच. रोजचे औषध आणि रोजचे पथ्य एवढाच मार्ग होता. पण रस जास्त झाला तर काय? तिथे ऑपरेशनचा प्रश्न येतो, आणि ते जमत नसेल तर गोळ्यांचा.

पवनानगरच्या त्या बाईंचा आजार जास्त झालेल्या थायरॉईडचा. यात अंगातली भट्टी कोणीतरी पेटती ठेवल्यासारखी होते. भूक चांगली लागते तरी माणूस वाळत जातो. हात थरथरतात, चहाची कपबशी वाजते. थंडीतही घाम येतो, झोप लागत नाही, जुलाब होतात, पाळी कमी होते किंवा चुकते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. ती ग्रेव्हज नावाच्या प्रकाराची खूण आहे. स्वभाव चिडका होतो आणि घरची माणसे म्हणतात, हिला काय झाले कोण जाणे. वजन उतरले म्हणून वस्तीत पहिला संशय टीबीचा घेतात. टीबीची तपासणी जरूर करावी, पण ती स्वच्छ आली की तिथेच थांबू नये. बेडसे लेण्यांच्या पायऱ्या चढताना सगळ्यांनाच धाप लागते. पण खाली झाडाखाली बसल्या-बसल्याही जिची छाती धडधडते, तिने रक्ताची थायरॉईड तपासणी करून घ्यावी. टीएसएच फार खाली आणि टी-३, टी-४ वर, असे आले की निदान बहुतेक पक्के होते.

हा आजार अंगावर काढला तर हृदय दमते. ठोके बेताल होतात, हृदयात रक्ताची गुठळी बनते, ती मेंदूत गेली तर लकवा होतो. हाडे ठिसूळ होतात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायांनी "धडधडतंय जरा" म्हणून हे सोसले आहे.

मग सरळ ऑपरेशनच का करत नाहीत? पूर्वी तेच करीत. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातले सर्जन थिओडोर कोखर यांना थायरॉईडच्या कामाबद्दल १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या आधी या ऑपरेशनात माणसे मोठ्या प्रमाणावर दगावत असत. आज ते पुष्कळ सुरक्षित आहे, पण एक अट कायम आहे. रस उकळत असताना ग्रंथीला चाकू लावला तर तो सगळा रक्तात उसळण्याचा धोका असतो. ताप, बेफाम ठोके, भ्रम, आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्यांचे ऑपरेशन करायचेच आहे त्यांनाही आधी गोळ्या देऊन शांत करावे लागते. शिवाय कोणाचे हृदय कमजोर, कोणाचे वय झालेले, कोणाचे आधी एकदा गळ्याचे ऑपरेशन झालेले. आवाजाची नस तिथूनच जाते, दुसऱ्यांदा चाकू लावायला डॉक्टर सहसा कचरतात, ते बरोबरच आहे.

गोळी सापडली ती जवळजवळ योगायोगाने. १९४० च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधक उंदरांना वेगळ्याच कामासाठी औषधे चारत होते. उंदरांच्या गळ्यातल्या ग्रंथी सुजल्या, पण त्यांच्यातला रस मात्र कमी झाला. यातले मर्म बॉस्टनच्या एडविन अॅस्टवूड या डॉक्टरांनी ओळखले. त्यांनी अशी अनेक रसायने तपासली आणि १९४३ साली थायोयुरासिल देऊन माणसांचा हा आजार आवरता येतो असे दाखवून दिले. आज आपल्याकडे दुकानात मिळणारी कार्बिमॅझोल ही त्याच कुळातली, पुढच्या दशकात आलेली गोळी. म्हणजे ही काही कालपरवाची, आपल्यावर प्रयोग म्हणून आणलेली वस्तू नव्हे. सत्तर वर्षांपेक्षा जास्त काळ जगभर वापरलेले औषध आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ही गोळी ग्रंथीला नवा रस बनवू देत नाही. पण ग्रंथीत आधीच बनवून ठेवलेला साठा असतो, त्यावर तिचा काही इलाज चालत नाही. दळण बंद केले तरी डब्यातले पीठ संपेपर्यंत भाकऱ्या होतातच. तसेच हे. म्हणून पहिले तीन-चार, कधी सहा आठवडे फारसा फरक दिसत नाही. नेमक्या याच काळात माणसे कंटाळतात. "महिना झाला, काही गुण नाही" म्हणून पत्ता फेकून देतात. त्या बाईंच्या घरी तेच झाले. मधल्या काळात धडधड आणि थरथर आवरायला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. दम्याच्या माणसाला ते चालत नाही, तेव्हा दमा असेल तर आधी सांगावे.

सुरुवातीला मात्रा मोठी असते. दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासून ती उतरवीत आणतात. एक बारकावा लक्षात ठेवा. टी-३ आणि टी-४ ताळ्यावर आले तरी टीएसएच कित्येक महिने खालीच राहू शकतो. नुसता टीएसएचचा आकडा बघून "अजून जास्त आहे" म्हणत मात्रा वाढवली, तर माणूस उलट्या टोकाला जातो. अंग सुजते, सुस्ती येते, वजन वाढते. म्हणून पहिल्या महिन्यांत तिन्ही तपासण्या मागा. केसांसाठी, नखांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाण्याचे फॅड हल्ली आले आहे. त्यांच्यामुळे ही तपासणी काही प्रयोगशाळांत चुकीची येते, तेव्हा रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

या गोळीचा एक धोका क्वचित दिसतो, पण तो जिवावरचा आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. काही शेकड्यांत एखाद्या रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती एकदम खाली आणते. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांत होते. पांढऱ्या पेशी नसल्या की साधा जंतूही माणूस आडवा करतो. खूण अशी, की अचानक ताप येतो, घसा फार दुखतो, तोंडात फोड येतात. आपल्याकडे पावसाळ्यात घसा धरणे रोजचेच. पवना धरणाच्या काठी जूनपासून जो पाऊस लागतो तो काय सांगावा. पण कार्बिमॅझोल घेणाऱ्या माणसाचा घसा धरला, ताप आला, तर त्याला हळद-दूध देऊन झोपवायचे नाही. गोळी तेवढी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. रिपोर्ट बरा आला तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तरी असेच. अंगाला खाज सुटणे मात्र पुष्कळांना होते; त्यासाठी घाबरून आपण होऊन गोळी सोडू नये, डॉक्टरांना विचारावे.

भात लावणीच्या दिवसांत गोळ्या सर्वांत जास्त चुकतात, असे आमचे निरीक्षण आहे. सकाळी अंधारात घर सोडायचे, दिवसभर गुडघाभर चिखलात, संध्याकाळी अंग मोडलेले. तालुक्याला जाऊन पत्ता आणायचा कोणी? जूनच्या सुरुवातीलाच दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून मागाव्यात आणि त्या पत्र्याच्या गळत्या छपराखाली नव्हे, कोरड्या डब्यात ठेवाव्यात.

किती दिवस घ्यायच्या? ग्रेव्हज प्रकारात साधारण एक ते दीड वर्ष. मग थांबवून पाहतात. खरे सांगायचे तर जवळजवळ निम्म्या लोकांचा आजार पुन्हा डोके वर काढतो. हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही, कारण पुढेही दोन वाटा आहेत. ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपत नाही, त्यांना अगदी थोड्या मात्रेत कार्बिमॅझोल वर्षानुवर्षे चालू ठेवता येते. हल्ली डॉक्टर ही वाट पूर्वीपेक्षा मोकळेपणाने सुचवतात. मात्र गळ्यात स्वतंत्रपणे रस गाळणारी गाठच असेल, तर गोळी बंद केली की आजार परत येणारच. तिथे दुसरी वाट बहुधा बरी.

ती दुसरी वाट म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन. थायरॉईड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते. म्हणून किरणोत्सर्गी आयोडीनची कॅप्सूल किंवा पातळ औषध पाजले, की ते नेमके त्या ग्रंथीत जाऊन बसते आणि जास्तीच्या पेशी आतल्या आत जाळते. चाकू नाही, टाका नाही, भूल नाही. १९४१ साली अमेरिकेत सॉल हर्ट्झ यांनी हा उपचार प्रथम केला. आपल्या महाराष्ट्रात यासाठी फार जुनी आणि नामांकित जागा आहे. मुंबईत परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोडइमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे. अणुशक्ती म्हटली की लोकांना बॉम्बच आठवतो. त्याच शक्तीचा एक थेंब आपल्या आयाबहिणींचा गळा बरा करतो, हेही मुलांना सांगावे.

पण यातही अटी आहेत. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध मुळीच चालत नाही. घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. डोळे फार बाहेर आले असतील तर ते बिघडू शकतात, तेव्हा डोळे आधी दाखवावेत. आणि औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवून राहावे लागते, वेगळे झोपावे लागते. हा नियम बंगल्यात राहणाऱ्यांसाठी सोपा आहे. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे काय करायचे, हे औषध घेण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. नातू चार दिवस मावशीकडे पाठवता येतो का, हे आधी ठरवले की सोपे जाते. पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि मग थायरॉक्सिनची एक गोळी सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. ही गोळी स्वस्त आहे आणि तिचा हिशेबही सोपा आहे.

आणखी एक गोष्ट सुनांना आणि सासूबाईंना, दोघींना सांगायची आहे. कार्बिमॅझोल चालू असताना दिवस राहिले, तर लपवू नका आणि गोळीही मनाने बंद करू नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला या गोळीचा त्रास होऊ शकतो, म्हणून तेव्हा डॉक्टर प्रोपिलथायोयुरासिल ही दुसरी गोळी देतात, कधी कधी गोळीची गरजच उरत नाही. पण उपचारच नसलेला थायरॉईड आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकतो. पाळी चुकली की त्याच आठवड्यात जाऊन दाखवा.

मूल होत नाही म्हणून जिला बोल लावले जातात, तिच्याबद्दलही इथेच लिहितो, कारण तिचा प्रश्न याच कुळातला असू शकतो. पिट्युटरीत कधी एक बारीक गाठ होते आणि ती प्रोलॅक्टिन नावाचा रस जास्त सोडते. बाळंत न होताच छातीतून दूध येते, पाळी बंद होते, मूल राहत नाही. मेंदूत गाठ म्हटले की घरादाराचे पाय गळतात. परंतु ही गाठ कॅन्सरची नसते, आणि तिच्यावर पहिला इलाज ऑपरेशन नसून गोळीच आहे. पूर्वी ब्रोमोक्रिप्टिन होती, आता बहुधा कॅबरगोलिन देतात, तीही आठवड्यातून दोनदाच. बहुतेक रोग्यांत गाठ आकसते, पाळी सुरू होते, आणि पुष्कळ जणींना मूलही होते. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ आणि चक्कर कमी होते. क्वचित एखाद्याचा स्वभाव बदलतो, जुगाराचा किंवा उधळपट्टीचा नाद लागतो. तसे दिसले तर डॉक्टरांना सांगावे. पुरुषांनाही हा आजार होतो. त्यांची इच्छा मरते, डोके दुखते, दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. लाजेपायी ते सांगत नाहीत आणि गाठ मोठी होऊन बसते. हा रस वाढलेला दिसला की लगेच गाठच समजू नये. ॲसिडिटी आणि उलटीच्या ज्या गोळ्या आपण मेडिकलमधून सर्रास आणतो, त्यांत डोमपेरिडोन असते. त्यानेही प्रोलॅक्टिन वाढते. मंद थायरॉईडनेही वाढते. आधी ही कारणे पाहतात, मग एमआरआय.

आता त्या पुड्यांबद्दल. गुडघेदुखीवर, दम्यावर "आयुर्वेदिक" म्हणून मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असते. आठ दिवसांत माणूस पळायला लागतो, म्हणून तिची ख्याती. सहा महिन्यांनी तोंड पुनवेच्या चंद्रासारखे गोल होते, पोट सुटते, हातपाय काडीसारखे होतात, पोटावर जांभळे पट्टे उठतात, साखर आणि ब्लडप्रेशर चढते. याच लक्षणांचा आजार हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली पिट्युटरीच्या गाठीशी जोडून दाखवला, म्हणून त्याला कुशिंगचे नाव आहे. खरी गाठ असेल तर नाकातून ऑपरेशन करतात. ते जमले नाही किंवा करूनही आजार उरला, तर गोळ्या आहेत. त्यात एक गंमत अशी, की केटोकोनॅझोल नावाचे मूळचे बुरशीवरचे औषध अॅड्रिनलचा जास्तीचा रस दाबायला वापरतात. ते यकृताला जड आहे, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते. आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतले तर अंगात भिनतच नाही. हे औषध तज्ज्ञाच्या नजरेखालीच घ्यावे. पुड्यांमुळे झालेला आजार असेल, तर मात्र एक सक्त सूचना. आमचा लेख वाचून उद्या सकाळी पुडी नाल्यात फेकू नका. इतके दिवस बाहेरून रस मिळाल्याने आपली अॅड्रिनल झोपी गेलेली असते. पुडी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळून माणूस जातो. पुडी हातात घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टर ती हळूहळू उतरवतील.

खर्चाचे काय, हा प्रश्न उरतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार विनाशुल्क केले आहेत. थायरॉईडची साधी सुरुवात तिथूनच करावी. पुढे पाठवले तर कामशेतहून लोकल धरून पुणे स्टेशनला उतरले, की ससून रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तिथले नियम वेगळे. पिट्युटरीच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग प्रसिद्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या तिच्यात बसतील असे धरून चालू नका. खासगी डॉक्टरांकडे जात असाल तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

त्या बाईंच्या मुलाला आम्ही एवढेच कळवले आहे, की गोळ्या आपल्या मनाने जुन्या मात्रेवर सुरू करू नका; आईला घेऊन जा, ठोक्यांसाठी ईसीजी आणि तिन्ही रक्ततपासण्या पुन्हा करून घ्या. आणि गादीखालचा तो जुना केसपेपर बरोबर न्या. पहिल्या दिवशीचा टी-४ किती होता, हे नव्या डॉक्टरांना त्याच कागदावरून कळणार आहे.